तारोडीच्या डोंगरावरच्या गुलाबी रिबिनी

डोंगर कसा चढायचा, हे आमच्या हाटकेश सोसायटीच्या लोकांनी मला शिकवू नये! मी गोपीनाथ, जन्म तारोडीचा. अंगात चड्डी नव्हती तेव्हापासून त्या डोंगरावर पळतोय! असं सोसायटीच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं आणि डोंगरावरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलं. दोन तासांत पोचलं की मेडल. शेजारचा भूपेश लगेच म्हणाला, "गोपीभाई, मी पण येतो! तुमच्या मागे मागे."

अडचण एकच. गुरुवारी तारोडीहून आईचा फोन आला.

"रविवारी ये रं. बोंबील येणार हायत, हंगामातले शेवटचे. वाळत टाकायला हात लागतील."

आता रविवारीच तर शर्यत! आणि आईला शर्यत सांगितली की "मागं काय वाघ लागलाय?" इथून सुरुवात होणार. मी सरळ ठोकून दिलं, "आई, रविवारी ऑफिस आहे गं."

"रविवारी?"

"अर्जंट आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही, पण म्हटलं, बघू पुढच्या रविवारी.

शर्यत तारोडीवरूनच जाणार होती. पण वरून, डोंगरमाथ्याने. आईचं घर खाली. टोपी ओढायची आणि सटकायचं! छातीवर नंबर लावलेला फोटो मी बिनधास्त सगळीकडे टाकला, कारण आईकडे साधा बटणांचा फोन. शुक्रवारी माझी मुलगी मनाली आजीला गोळ्या द्यायला निघाली, तेव्हा तिलाही बजावलं, "आजीकडे शर्यतीचं बोलायचं नाही हां!"

"नाही बोलणार, पप्पा," ती म्हणाली. गुणी पोर!

रविवारी सकाळी सहाला शर्यत सुटली. आयोजकांनी आधीच दम दिला होता. "झाडांना गुलाबी रिबिनी बांधल्यात. जिथे रिबिन, तिथे रस्ता. स्वतःची अक्कल लावू नका!"

पहिल्या चढावर डोंगराने मला ओळखच दाखवली नाही. दुसऱ्या चढावर माझा श्वास प्रेशर कुकरसारखा वाजायला लागला. मे महिन्याचं ऊन सातलाच डोक्यावर!

"गोपीभाई, तुम्ही तर इथलेच ना?" भूपेशने विचारलं.

"वॉर्म-अप चाललाय!" मी कसाबसा म्हणालो.

पुढचे शे-दीडशे लोक कधीच दिसेनासे झाले. मागे उरलो आम्ही बावीस जण. ताडाच्या झाडापाशी दोन वाटा फुटल्या. उजवी वाट माथ्याकडे जाते. डावी थेट आमच्या अंगणात! आणि रिबिनी फडफडतायत डावीकडे!

"उजवीकडे चला!" मी ओरडलो.

"पण रिबन तर इकडे आहे!"

"अरे, मी इथलाच आहे!"

"मग सांगा ना, डावीकडे काय आहे?" भूपेश म्हणाला.

आता काय सांगणार, कपाळ! आई आहे म्हणून सांगू? तोवर उतार बघून सगळे खूश होऊन सुटले आणि मलाही ढकलत घेऊन गेले.

शेवटच्या रिबिनी बोंबील वाळवायच्या बांबूंवर बांधलेल्या होत्या. खाली ओल्या बोंबलांच्या भरलेल्या टोपल्या आणि त्यांच्यामध्ये कमरेवर हात ठेवून आई! मी टोपी पार नाकापर्यंत ओढली.

"गोपी," ती म्हणाली, "हापिसात अर्धी चड्डी चालती व्हय?"

सगळे खो-खो हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आई, ह्या रिबिनी तू काढल्यास?"

"कावळे लय माजलेत. चमकतंय म्हणून बांधल्या, हाकलायला. तुमच्या व्हत्या व्हय?"

भूपेश घड्याळ बघून किंचाळला, "गोपीभाई, पळा! आत्ता वर चढलो तर मेडल मिळेल!"

मी वळलो, आणि तेवढ्यात बांबूंकडे नजर गेली. खालच्या दोन दोऱ्या बोंबलांनी भरलेल्या. वरची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. ती दोरी बाबांची असायची. बाबा गेल्यापासून माझी. खाली एक पालथं खोकं ठेवलेलं. सत्तरीची बाई त्या खोक्यावर चढून दोरी गाठायला बघत होती!

"हात पुरत न्हाय तितवर," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तू जा, तुझं बक्षीस जाईल."

मला स्वतःच्याच एक कानाखाली वाजवावीशी वाटली. म्हटलं, "आई, टोपली दे इकडे."

मी लागलो म्हणून बाकीचेही लागले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची, हे आईने एकदाच दाखवलं. ज्याला जमेना, त्याला "शिकलेला दिसतोस!" म्हणून ऐकवलं. भूपेश शुद्ध शाकाहारी. नाक दाबून लांब उभा होता. आईने त्याच्या हातात काठी दिली. "तू कावळे बघ, बाबा." गड्याने कावळे हाकलले, शेजारणीच्या कोंबड्या हाकलल्या आणि मीटर बघायला आलेल्या माणसालाही हाकललं! अर्ध्या तासात सगळ्या टोपल्या रिकाम्या. मग चहा, तांदळाची भाकरी. भूपेशला भाकरीबरोबर गूळ.

शेवटी आम्ही पोचलो, तेव्हा आयोजक कमान सोडवून टेम्पोत भरत होते. मेडल नाही, केळंसुद्धा नाही!

पुढच्या रविवारी फोन यायच्या आधीच मी तारोडीला हजर. वाळलेले बोंबील उतरवता उतरवता एक शंका आली.

"आई, पुढची माणसं बरोबर कशी काय गेली गं? तू रिबिनी काढल्यास कधी?"

"ती गेल्यावर."

"म्हणजे?"

"मनालीनं तुझा फोटू दाखवला व्हता. नंबर लावलेला."

बोलली नव्हती पोरगी, एवढं खरं!

"आणि ते कावळे?"

"हाकलायला न्हाय रं बांधल्या. तुला बोलवायला बांधल्या."

मी डोळे पुसले आणि बोंबलांच्या वासावर ढकललं. मग उगाच ऐट दाखवत म्हणालो, "पण आई, मी पुढच्यांबरोबरच निघून गेलो असतो तर?"

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू व्हय? तुला मी जल्म दिलाय, गोपी! मागंच असणार, म्हाईत व्हतं."