बशीतलं लिव्हर

आमचे शेजारी पुंडलीककाका म्हापशाच्या मटणवाल्याकडून कलेजी अगदी निवडून घ्यायचे. मग एक दिवस एकाएकी सोडली. त्याने पुढे केली तर हात मागे घेऊन म्हणाले, "नाका रे. आमच्या घरात लिव्हर वाढता. खावचा कसा?"

वाढत होतं ते घरात नव्हे, पुण्यातल्या प्रयोगशाळेत. काकांची एकुलती लेक शैला तिथे मूळपेशींपासून यकृतासारखे गोळे वाढवते. काका फेरीबोटीवरून निवृत्त झालेले, काकी जाऊन बरीच वर्षं झालेली. गोव्यातल्या आमच्या चोपड्याहून निघालेल्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाची मग म्हापशापर्यंत सुटका नसे. "पेशीक काय्येक येना नाय. तिका शिकवचा लागता, तू लिव्हर हो. आणि जाता मरे ती!" एवढं बोलून ते खुशीत त्या बिचाऱ्याच्या मांडीवर थाप मारत.

तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, नेहमी येणारा एकजण म्हणाला, "काका, एक माका राखून दवर."

"तुका दिला तर चार दिसांत संपयतलस," काका म्हणाले.

गणपतीत, चवथीला शैला आली नाही. पेशींचं पाणी रोज बदलावं लागतं. कुणी नाक मुरडलं की काका बाळंतिणीची बाजू घ्यावी तसे उसळायचे. "ल्हान जीव तो. टाकून येतली कशी?" शिगम्यालाही तेच झालं.

मग तिचा फोन आला. गोळ्यांनी यकृताचं प्रथिन तयार केलं होतं! काकांनी वाड्यावर पेढे वाटले, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा भरला आणि मला ओढतच पुण्याला नेलं.

शैलाने डबा बाहेर ठेवायला लावला म्हणून ते जरा रुसले. पण झगा-टोपी चढवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि सगळं विसरले. काचेच्या बशीत तिळाएवढे गोळे दिसत होते.

"खातत काय?"

"ह्या गुलाबी पाण्यातला."

"एकादशीक पण?"

"तेंका एकादस नाय, बाबा. आयतवारसुद्धा नाय."

ती हातमोजे बदलायला बाजूला गेली. काका पुन्हा वाकले आणि त्या बशीशी हळू आवाजात बोलू लागले, "बाळग्यांनो, बेगीन वाढा रे. औंदा चवथीक तिका घराक येवक गावांदे."

वर्षभर छाती फुगवून फिरणारा हा माणूस किती एकटा होता ते मला तेव्हा कळलं. शैला मागे येऊन उभी होती.

"बाबा, तेंका ऐकाक येना नाय."

काकांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. म्हणाले, "तुका येता मां?"