घाटातला ऐकता डबा

एका जंगलात, बाळांनो, सिंह होता तसा एक घाटही होता. सिंहावाचून जंगलाचं आठ-पंधरा दिवस सहज भागायचं. घाटावाचून एक दिवस भागत नसे. कारण धान्य पिकायचं घाटावर आणि मीठ पिकायचं घाटाखाली, आणि जंगलातल्या सगळ्यांना दोन्ही लागायचं.

ही ने-आण रेडे करत. गाडी रेडाच ओढायचा आणि रेडाच हाकायचा. अशा व्यवस्थेत एक सोय असते. अपघात झाला की चूक कोणाची ते लगेच ठरवता येतं.

धोंडिबा हा त्यांतला जुना रेडा. खूर झिजलेले, मान जुवाने घट्टे पडलेली, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याची मुलगी चंद्री हीसुद्धा गाडी ओढायची. म्हशीने घाटात गाडी ओढावी की नाही यावर जंगलात दोन वर्षं चर्चा चालली होती. चर्चा संपेपर्यंत चंद्रीच्या तीनशे खेपा झाल्या होत्या.

घाटाच्या मध्यावर कातळवळण होतं. एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधे एका गाडीपुरती वाट. पलीकडून कोण येतंय ते दिसायचं नाही. म्हणून गाडीवाल्यांची एक रीत होती. वळणाच्या अलीकडे थांबायचं, मोठ्याने हाळी द्यायची आणि एक घास चावून होईपर्यंत वाट बघायची. पलीकडून उत्तर आलं तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. नाही आलं तर निघायचं. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, म्हणून सगळे ती पाळत.

फक्त श्रावणात पंचाईत व्हायची. कातळावरून धबधबा कोसळू लागला की हाळी पलीकडे पोचायची नाही.

मागच्या श्रावणात धोंडिबाचा भाऊ रखमाजी उतरत होता. त्याने हाळी दिली आणि घास चावला. खालून चढणाऱ्या गाडीनेही हाळी दिली आणि घास चावला. दोघांनाही पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. चढणारी गाडी कातळाला चिकटून वाचली. रखमाजी दरीत गेला. धोंडिबाने काठावर उभं राहून त्याला हाक मारली, पण तीही धबधब्याने गिळली.

तेव्हापासून धोंडिबाला भीती बसली. स्वतःची नव्हे, चंद्रीची. ती घरी येईपर्यंत त्याला वैरण गोड लागत नसे.

त्याच सुमारास लांबच्या जंगलातून एक करकोचा आला. त्याने सांगितलं, "आमच्याकडच्या गाडीवाल्यांच्या गळ्यात डबा असतो. त्याला बटण असतं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एक बोलला की घाटातल्या सगळ्यांना ऐकू जातं. मधे धबधबा असो नाहीतर डोंगर."

धोंडिबाने हे तीनदा सांगायला लावलं. मग तो आंघोळ करून दरबारात गेला. रेडा आंघोळ करतो म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते बघा.

"म्हाराज," तो म्हणाला, "गाडीवाल्यास्नी डबं द्या."

"डबा घेऊन तुम्ही काय बोलणार?" सिंहाने विचारलं.

"मी येतुया. थांब. दरड पडलीया. एवढंच, म्हाराज."

"एवढंच बोलायला डबा?"

"एवढं बोलाय गावलं नाही म्हनून माजा भाऊ गेला."

सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं पाणी आलं की सिंह समिती नेमायचा. त्याने लगेच नेमली.

समितीत तिघे होते. कासव अध्यक्ष, कारण एकशे चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. मोर सदस्य, कारण त्याचा आवाज सगळ्यांना माहीत होता. आणि तरस सदस्य, कारण घाटातला नाका तरसाकडे होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो थांबवायचा, चाकं बघायचा, मान हलवायचा आणि गाडीतलं एखादं कणीस घेऊन सोडून द्यायचा. नाका रोज नव्या जागी असायचा. आज चिंचेखाली, उद्या ओढ्यापाशी.

कासव घाटाची पाहणी करायला निघालं. तीन महिन्यांनी ते घाटाच्या पायथ्याशी पोचलं. तिथून त्याने मान वर करून घाट पाहिला आणि परत फिरलं. तोवर अहवाल मोराने लिहून ठेवला होता.

मधे एकदा धोंडिबाला साक्षीला बोलावलं. तो भर उन्हात दुपारपर्यंत उभा राहिला.

"समजा," तरसाने विचारलं, "एका गाडीवाल्याला नाका दिसला. तो मागच्याला डब्यावर सांगेल की नाही?"

धोंडिबाला खोटं बोलता येत नसे. "सांगंल की," तो म्हणाला.

तरसाने कासवाकडे पाहिलं. कासवाने मान आत घेतली.

"बटण दाबताना गाडीवाल्याचं लक्ष रस्त्यावर राहील का?" मोराने विचारलं.

"हाळी देताना ऱ्हातंया तसंच ऱ्हाईल."

"म्हणजे राहीलच असं तुम्ही खात्रीने सांगू शकत नाही," मोर म्हणाला आणि त्याने तसं लिहून घेतलं.

ज्येष्ठात अहवाल आला. डबे मंजूर झाले होते. धोंडिबाला खरंच वाटेना. त्या दिवशी त्याने चंद्रीला आपल्या वाट्याची पेंड दिली आणि रखमाजीच्या दावणीपाशी बराच वेळ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपण काही मागितलं आणि ते मिळालं, असं त्याला वाटत होतं. त्याचं मन भरून आलं होतं.

डबेवाटपाचा समारंभ झाला. घाटाच्या तोंडाशी मांडव घातला. प्रत्येक गाडीवाल्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि माळेच्या खाली डबा. धोंडिबाने मान वाकवून डबा नीट पाहिला. बटणाच्या जागी भोक होतं.

"मोरसायेब, हिथलं बटन पडलंया वाटतं."

"पडलं नाही, काढलं आहे," मोर म्हणाला. "तुमचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. सगळी बटणं दरबारात सुरक्षित आहेत. तुम्ही फक्त ऐकायचं. बोलण्याची तसदी आम्ही घेऊ."

"आन् वाटंत दरड दिसली तर?"

"नाक्यावर लेखी कळवायचं. नाक्यावरून दरबारात येईल, दरबारातून डब्यावर जाईल. सगळ्यांना ऐकू येईल."

"नाका कुठं असंल त्या दिवशी?"

"ते सांगितलं तर नाक्याचा उपयोग काय?" तरस म्हणाला. हा मुद्दा सगळ्यांना पटला.

दुसऱ्या दिवसापासून डबे वाजू लागले. सकाळी मोर सिंहाची दिनचर्या सांगायचा. मग सुरक्षित घाटाचं गीत लागायचं. मग गाडी कशी ओढावी यावर कासवाचं व्याख्यान. ते लांबायचं. आवाज कमी करायची सोय नव्हती आणि डबा काढून ठेवला तर नाक्यावर गाडी अडवायचे. आठ दिवसांनी आणखी एक हुकूम निघाला. घाटात हाळी देऊ नये. डबा ऐकणाऱ्यांना तिचा त्रास होतो.

तसंही हाळीला आता अर्थ उरला नव्हता. हाळी द्यावी तर पलीकडच्याच्या कानाशी मोर असायचा.

गाडीवाले कुरकुरले, पण थोडेच दिवस. खरं सांगायचं तर त्यांना डबा आवडायला लागला होता. चढ मोठा, वाट एकटीची आणि कानाशी कोणीतरी सारखं बोलतंय. चंद्रीला तर सुरक्षित घाटाचं गीत पाठ झालं. ती पाय त्या तालावर टाकायची. धोंडिबाला ते आवडायचं नाही, पण पोरगी खूश दिसते म्हणून तो चालवून घ्यायचा.

श्रावण आला. धबधबा सुरू झाला.

एका सकाळी बापलेक धान्य घेऊन खाली निघाले. धोंडिबा पुढे, चंद्री अर्धा कोस मागे. कातळवळणाशी धोंडिबा सवयीने थांबला. हाळी द्यायची नव्हती, तरी घास चावून होईपर्यंत थांबला. मग त्याने हळूच एक पाऊल पुढे टाकलं आणि ते तसंच राहिलं. वळणापलीकडे वाट नव्हती. रात्रीत दरड कोसळली होती आणि जाताना रस्ताही दरीत घेऊन गेली होती.

मागून भरल्या गाडीनिशी चंद्री येत होती. उतारावर भरली गाडी ओढावी लागत नाही, तीच मागून ढकलत असते. चंद्री वेगात वळणावर आली तर आधी त्याच्या गाडीवर आदळणार आणि मग दोघं मिळून खाली जाणार.

"चंद्रे, थांब," तो डब्यात ओरडला. जुन्या गाडीवाल्याला घाबरल्यावर कुठं बोलायचं ते सुचत नाही. डब्यातून कासव म्हणालं, "उतारावर संयम महत्त्वाचा."

अरुंद वाटेवर गाडी वळवता येत नव्हती. त्याने चाकापुढे दगड लावला, मान जुवातून सोडवली आणि तो चढावर पळत सुटला. गाडी वाऱ्यावर सोडून पळणं त्याने जन्मात केलं नव्हतं. पळता पळता तो रेकत होता. सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं रेकत होता.

चंद्री समोरून आली. उतारावरचा रेडा मान खाली घालून चालतो, तशी ती मान खाली घालून चालली होती. डब्यात मोर सांगत होता, "डबेवाटपानंतर घाटात दरड पडल्याची एकही बातमी डब्यावर आलेली नाही. घाट सुरक्षित आहे." मग गीत लागलं. चंद्रीचे पाय तालात पडू लागले.

धोंडिबा वाटेच्या मधोमध उभा राहिला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

चार पावलांवर चंद्रीला बापाचे खूर दिसले. तिने पाय रोवले. गाडीने तिला तसंच पुढे रेटलं. तिने अंग कातळाकडे टाकलं. जू मोडलं, गाडी उलटी होऊन दरीत गेली आणि चंद्री कातळाशी पडली. तिचा पुढचा पाय गुडघ्यातून मोडला होता. डबा पट्टा तुटून गाडीबरोबर खाली गेला. दरीतून सुरक्षित घाटाचं गीत बराच वेळ वर येत होतं. डबा चांगल्या बनावटीचा होता, हे कबूल केलं पाहिजे.

पोरगी जिवंत आहे हे पाहून धोंडिबा तिच्याजवळ बसला आणि लहान पारडासारखा रडला.

चौकशी झाली. समिती तीच होती, कारण तिला घाटाचा अनुभव होता. धोंडिबावर तीन आरोप होते. भरली गाडी रस्त्यात सोडली. वाहत्या रस्त्यावर मधोमध उभा राहिला. प्रसारण चालू असताना ओरडला.

"म्या आनि काय करायचं हुतं?" धोंडिबाने विचारलं. "दरड म्या बघितली. सांगायचं कुनाला? डब्याला त्वांडच न्हाई."

"डब्याबद्दल तक्रार आहे का तुमची?" मोराने विचारलं.

"हाय तर."

मोराने कागद चाळले. "डब्यावर आजवर एकही तक्रार ऐकू आलेली नाही," तो म्हणाला. कासवाने मान हलवली. ती फार सावकाश हलली, पण हलली.

अहवाल चारच ओळींचा होता. गेल्या वर्षी अपघात झाला तेव्हा गाडीवाल्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. यंदाच्या अपघातात गाडीवाली शेवटपर्यंत ऐकत होती. सबब सुधारणा समाधानकारक आहे. पुढच्या वर्षी प्रत्येकाला दुसऱ्या कानासाठी आणखी एक डबा द्यावा.

चंद्रीला दरबारात उत्कृष्ट श्रोत्याची शाल मिळाली. ती तीन पायांवर जाऊन घेऊन आली. धोंडिबाला घाट बंद झाला.

आता दोघंही गोठ्यातच असतात. चंद्रीचा पाय वाकडा जुळला. ती पुन्हा गाडीला जाणार नाही. एके दिवशी वैरण खाता खाता ती थांबली.

"बा," ती म्हणाली, "माजं काय चुकलं रं? मी तर नीट ऐकत हुते."

धोंडिबाने तिच्या पाठीवरची शाल सारखी केली.

"व्हय पोरी," तो म्हणाला. "लई नीट ऐकत हुतीस."

तात्पर्य: ज्याला रस्ता दिसतो, त्याच्या हाती बोलायचं बटण कधीही देऊ नये. तो रस्त्यावर काय आहे ते सांगून टाकतो, आणि मग अपघात घाटात होण्याऐवजी दरबारात होऊ लागतात.