पांढऱ्या दांड्याचा रोग

रामराव तीस वर्षं कृषी कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. केळी त्यांनी बहुतेक अर्जांतच पाहिली होती. पण निवृत्त होऊन ते अमरावतीत वलगाव रोडला राहायला आले आणि सारी गल्ली त्यांना 'साहेब' म्हणू लागली. साहेब म्हटल्यावर सल्ला द्यावाच लागतो.

रविवारी सकाळी शेजारच्या आबेदाने कुंपणावरून हाक मारली, "साहेब, केळीजवळ पिल्लांची लय गर्दी झाली. कोणतं ठेवू, कोणतं काढू?"

रामराव पांढरा शर्ट घालून आले. उंच केळ आणि तिच्या बुंध्याभोवती फुटलेली सात-आठ पिल्लं त्यांनी फाईल पाहावी तशी पाहिली.

"पिल्लं तं काढाच. अन् हे मोठंही काढा. म्हातारं झालं, सारं खत हेच खाऊन राहिलं."

"पन साहेब, गेल्या सालीच तं साऱ्या गल्लीनं एका दिवशी लावल्या," आबेदाचा नवरा अन्सार म्हणाला.

"शास्त्र तुमाले कळते का मले?"

अन्सारने कोयता चालवला. केळ आडवी झाली. चिकाचे शिंतोडे साहेबांच्या शर्टावर उडाले. कापलेल्या बुंध्याच्या मधोमध पांढराशुभ्र दांडा निघाला, टोकाला फिकट कोंब.

"हे काय हाय आतमंधी?"

रामरावांनाही ते नवीनच होतं. पण 'माहीत नाही' असा शेरा त्यांनी उभ्या नोकरीत मारला नव्हता.

"रोग," ते म्हणाले. "पांढरा दांडा. बरं झालं, येळेवर सापडला."

अन्सारने फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत समोरचा देवानंद धावत आला. "साहेब, आमच्या केळीले तं नसन नं झाला?"

"वरून दिसत नाही. कापूनच पाहा लागते."

कापली. होता. मग पुढच्या घरची कापली. तिथंही होता. घबराट वाढत गेली आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या अकरा केळी आडव्या झाल्या. अकराही घरी रोग पक्का. लागण पसरू नये म्हणून पिल्लंही खणून घंटागाडीत गेली.

चारच्या सुमारास वलगावच्या गंगूबाई भाजीची गाडी ढकलत आल्या. केळींचा ढीग पाहून थबकल्या.

"काहून कापल्या वं?"

"रोग झाला, मावशी," आबेदाने दांडा दाखवला.

गंगूबाईंनी कोंबाची साल सोलली. आत इवल्याशा फण्या एकीला एक चिकटून बसल्या होत्या.

"अवो माय! हा तं घड हाय! पंधरा दिसात बाहेर पडला असता."

गल्लीने रामरावांकडे पाहिलं. रामरावांनी आभाळाकडे.

"साहेब," अन्सारने हळूच विचारलं, "तुमच्या अंगणातली काहून उभी हाय?"

उत्तर त्यांच्या बायकोने, जमुनाबाईंनी दारातून दिलं. "सकाळपासून तीनदा कोयता मांगला त्यायनं. मी गव्हाच्या कोठीत लपवला."

दुसऱ्या दिवशी सारी गल्ली जमुनाबाईंच्या दारात पिल्लं मागायला उभी. त्यांनी आबेदाला पहिलं पिल्लू मातीसकट काढून दिलं.

"पानी द्या, खत द्या. पन आमच्या यांले दाखवू नका, बाप्पा."

"दाखवत नाही, भाभी," आबेदा म्हणाली. "साहेबांले चहाले बोलवू. पन बैठकीत."