राजाराम घरी नाहीत

सुमेधाला एक सेमिस्टर फ्लॉरेन्सला शिकायला जायची परवानगी श्रीरंग घाटेने दिली, ती एका अटीवर. तिथली पोरं सुट्टी आली की ट्रेनने कधी रोम, कधी व्हेनिस अशी भटकत असतात, हे कॉलेजच्या माहितीपत्रकात फोटोंसकट छापलेलं होतं. अभ्यास करतानाचा फोटो एकही नव्हता. तेव्हा भटकून सुखरूप परत आलं, की सुमेधाने दर रविवारी डेट्रॉईटजवळ नोव्हायला घरी कळवायचं.

"बाबा, इटलीहून फोन? दॅट्स सो एक्स्पेन्सिव्ह!" सुमेधा म्हणाली.

"फोन करायचा. बोलायचं नाही," श्रीरंग म्हणाला.

सुमेधाने आईकडे पाहिलं. नीलाने, वीस वर्षं मी हेच ऐकतेय, असा चेहरा केला.

सत्त्याऐंशी साल होतं. परदेशातून घरी फोन करायची आपल्या लोकांची तेव्हा एक खास पद्धत होती. ऑपरेटरला सांगायचं, मला अमुकच माणसाशी बोलायचंय आणि बिल त्यांच्याकडून घ्या. घरच्यांनी म्हणायचं, ते इथे नाहीत. फोन बंद. कुणाला भुर्दंड नाही, आणि निरोप मात्र पोचला. डेट्रॉईटच्या आसपासची निम्मी मराठी मंडळी याच वाटेने मुंबई-पुण्याला आपली खुशाली पोचवत होती. मोटारींच्या कंपनीत ब्रेकचं डिझाइन करणाऱ्या श्रीरंगने त्यात थोडी सुधारणा केली इतकंच.

"राजारामला विचारलंस, की आम्ही समजू सगळं ठीक आहे. प्रल्हादला विचारलंस, तर काहीतरी गडबड आहे. मग आम्हीच उलट फोन करू."

"हू इज राजाराम?"

"कुणी नाही गं. असंच आपलं एक नाव."

हे काही खरं नव्हतं. राजाराम आणि प्रल्हाद हे श्रीरंगच्या वडिलांचे चुलतभाऊ. प्रल्हादकाका अमरावतीला आणि राजारामकाका नागपूरला. राजारामकाका नागपूर सोडून शेजारच्या कामठीलासुद्धा मुक्कामाला जात नसत. हा माणूस मिशिगनमध्ये फोन उचलायला बसलेला असेल ही शक्यताच नव्हती, म्हणूनच श्रीरंगने ते नाव निवडलं होतं.

"आणि कुणी 'स्पीकिंग' म्हणालं तर?" सुमेधाने विचारलं. मुलगी बापासारखीच होती, सगळ्या बाजूंनी विचार करणारी.

"राजाराम घरात नाहीच, तर म्हणेल कोण? म्हणालंच कुणी, तर समज फोन कंपनीने आपल्याला पकडलंय आणि त्यांचा माणूस घरात येऊन बसलाय!" असं म्हणून श्रीरंग स्वतःच्या विनोदावर मोठ्याने हसला. सुमेधा हसली नाही.

सप्टेंबरात ती गेली आणि व्यवस्था झकास चालली. दर रविवारी सकाळी फोन वाजायचा, ऑपरेटर 'मिस्टर राजाराम घाटे' असं कसंबसं म्हणायची आणि नीला इतक्या गोड आवाजात "सॉरी, ही इज नॉट होम" म्हणायची, की ऑपरेटरलाच वाईट वाटावं. मग देवापुढे साखर ठेवायची. एकदा तर मागून सुमेधाचा खोकला ऐकू आला, तेवढ्यावर नीलाचा आठवडा गेला.

ऑक्टोबरात राजारामकाका आले.

त्यांचा मुलगा राजीव न्यू जर्सीला वेस्ट विंडसरमध्ये राहायचा. काकू गेल्यावर त्याने वडिलांना उचलूनच अमेरिकेला आणलं होतं. पण तो आणि त्याची बायको सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला कामाला जायची आणि काका दिवसभर खिडकीत बसायचे. हवापालट म्हणून त्याने त्यांना थोडे दिवस नोव्हायला पाठवलं. विमानतळावर काकांच्या पाया पडताना श्रीरंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो वाकलेलाच राहिला.

"काय झालं बे? कंबर धरली का?" काकांनी विचारलं.

कंबर धरली असती तर बरं झालं असतं. राजारामकाका नागपूरच्या टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले होते. फुकट ट्रंक कॉल केला म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्याला नोटीस धाडली होती आणि मेहुण्याने पुढे त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. अशा माणसाला सांगायचं काय? की आम्ही दर रविवारी फोन कंपनीला फसवतो आणि तेही तुमच्या नावाने?

"सांगूच नका," नीला स्वयंपाकघरात कुजबुजली. "रविवारी फोनपाशी आपण बसू. सुमेधाला पत्र टाकते, की नाव बदल म्हणून."

पत्र गेलं, ते इटलीच्या टपालाने आपल्या सवडीने पोचवायचं होतं. रविवार मात्र वेळेवर आला. श्रीरंग फोनपाशी बसलाही होता. पण समोरच्या मेपलने पानांचा एवढा खच पाडला, की शेजारच्या मिसेस नोवाक आपल्या अंगणातून त्याच्या अंगणाकडे टक लावून पाहू लागल्या. अमेरिकेत माणसाची अब्रू लॉनवर असते. श्रीरंग आणि नीला दहा मिनिटांसाठी म्हणून पानं ओढायला बाहेर पडले, आणि परत आले तेव्हा काका फोनपाशी उभे होते. डोळे भरलेले.

"सुमेधाचा फोन आला होता," ते म्हणाले. "मला!"

श्रीरंगच्या हातातून दाताळं गळून पडलं.

"ऑपरेटर म्हणाली, मिस्टर राजाराम घाटे आहेत का? मी म्हटलं, स्पीकिंग! बिल घेता का? म्हटलं, ऑफकोर्स! पोर इटलीहून माझं नाव घेऊन फोन करते, आणि नाही म्हणू?"

"मग... काय म्हणाली?"

"ती म्हणाली, हू? मी म्हटलं, राजाराम. ती म्हणाली, दॅट्स इम्पॉसिबल! लाडात आली होती ना. मग लाईन कटली." काका खुर्चीवर बसले. "नीला, दीड महिना झाला मला या देशात येऊन. आयुष्यभर लोकांचे फोन जोडले मी. इथं मला एकही फोन आला नव्हता. हा पहिला."

आता ही गोष्ट त्यांना सांगायची म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखं होतं. श्रीरंगने नीलाकडे पाहिलं आणि नीलाने श्रीरंगकडे. शेवटी नीला म्हणाली, "तिला तुमची फार आठवण येते, काका," आणि शिरा करायला उठली.

तो आठवडा काकांचा रंगच बदलला. सकाळी दाढी करून तयार, माकडटोपी घालून फिरायला बाहेर. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खांबापाशी थांबायचं, मान वर करून तारा न्याहाळायच्या, खालच्या पेटीवर टिचकी मारून पाहायचं. "काम पक्कं आहे बरं यांचं," असं घरी येऊन सांगायचं. मिसेस नोवाक पडद्याआडून हे रोज पाहत होत्या.

इकडे फ्लॉरेन्समध्ये सुमेधाने घाबरून रिसीव्हर आदळला होता. राजाराम स्पीकिंग म्हणाला होता! म्हणजे बाबांना पकडलं. फोन कंपनीचा माणूस घरात येऊन बसला. आता घरी सरळ फोन करावा, तर तोच उचलणार. आठवडाभर तिला ना कुठलं चित्र दिसलं, ना कुठला पुतळा. मैत्रिणी व्हेनिसला निघाल्या, तीही त्यांच्याबरोबर गेली, आणि नावेत बसूनसुद्धा ती एकच विचार करत होती, की याची शिक्षा काय असते. शेवटी रविवारी तिथल्या फोन ऑफिसातून तिने दुसरं नाव काढलं.

त्या सकाळी काका आंघोळ करून फोनशेजारीच बसून होते. श्रीरंगही बसला होता. दोघांच्या मध्ये फोन. बेल वाजली आणि श्रीरंगचा हात पोचायच्या आत काकांनी रिसीव्हर उचलला. हाताला तीस वर्षांची सवय होती.

"हॅलो! येस... कोण? प्रल्हाद? नो, नो, प्रल्हाद इज इन अमरावती. आय अ‍ॅम एल्डर ब्रदर. राजाराम स्पीकिंग!... हॅलो?" त्यांनी रिसीव्हरकडे पाहिलं. "कटला. आज प्रल्हादची चौकशी करून राहिली होती. पोरीला घरच्या एकूण एका माणसाची किती माया आहे रे!"

"प्रल्हाद?" नीला किंचाळली. "अहो, प्रल्हाद!"

"अमरावतीला मजेत आहे तो," काका गोंधळून म्हणाले. "त्याला काय झालं?"

श्रीरंगने जन्मात पहिल्यांदा इटलीला सरळ फोन लावला. सुमेधाच्या घरमालकीणबाईंनी उचलला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि श्रीरंगला इटालियन. तो ओरडला, "सुमेधा! सुमेधा!" त्या ओरडल्या, "व्हेनेत्सिया! व्हेनेत्सिया!" आणि मग पुष्कळ काही बोलल्या, रडल्यासारखं किंवा हसल्यासारखं.

"व्हेनिसला आहे आणि काहीतरी झालंय," श्रीरंग घाम पुसत म्हणाला. "नीला, पासपोर्ट काढ."

"कुणाचा?"

"कुणाचाही!"

"पण प्रल्हादला तार करायची का?" काकांनी विचारलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात दोन पोलीस उभे होते. त्यांच्या मागे, अंगणाच्या कडेला, मिसेस नोवाक.

"एव्हरीथिंग ओके, सर?" थोरला पोलीस श्रीरंगला म्हणाला, पण त्याची नजर काकांच्या माकडटोपीवर होती. "युवर डॉटर कॉल्ड युवर नेबर फ्रॉम इटली. शी इज फाइन. शी इज वरीड अबाउट यू."

सुमेधा फाइन आहे, एवढं ऐकून नीला तिथेच पायरीवर बसली. बाकीचं तिने ऐकलंच नाही. बाकीचं असं होतं, की सुमेधाने मिसेस नोवाकना विचारलं, आमच्या घरात कुणी अनोळखी माणूस आहे का. मिसेस नोवाक म्हणाल्या, आहे, आठवडाभर आहे, आणि रोज टेलिफोनचा खांब तपासतो. सुमेधा रडायला लागली आणि मिसेस नोवाकनी पोलिसांना फोन केला.

"युवर नेम, सर?" पोलिसाने काकांना विचारलं.

काका ताठ उभे राहिले. "राजाराम घाटे."

दोघा पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. "तो हेच नाव सांगेल, असं मुलगी म्हणाली होती," धाकटा म्हणाला. "ती म्हणते, राजाराम नावाचं कुणी नाहीच. तिच्या वडिलांनीच तसं सांगितलंय."

आता पळवाट उरली नाही. श्रीरंग घाटेने, मोटार कंपनीतल्या सीनियर इंजिनिअरने, आपल्याच दारात उभं राहून सांगितलं, की हे माझे काका आहेत, ते खरोखर आहेत, आणि नसतील असं मुलीला का वाटतं. सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, पण काकांना इंग्रजी चांगलं कळायचं.

थोरला पोलीस हसू दाबत म्हणाला, "माझी आई पोलंडला असाच फोन करायची," आणि दोघे निघून गेले.

आता नोटीस, असं श्रीरंगला वाटलं. नोटीस परवडली असती. काकांनी हळूहळू माकडटोपी काढली आणि विचारलं, "म्हणजे फोन मला नव्हता?"

"काका..."

"आणि तिला ठाऊकच नव्हतं, की राजाराम म्हणून कुणी आहे."

श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीला म्हणाली, "आमचंच चुकलं, काका." काका म्हणाले, "चहा टाक," आणि दुसरा विषय काढला. फोनचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही. खांबाकडेही गेले नाहीत.

पुढच्या रविवारी श्रीरंगने त्यांना न्यू जर्सीच्या विमानात बसवलं. पाया पडताना तो म्हणाला, "काका, पोचल्यावर फोन कराल ना?" काका नुसतं "बघू" म्हणाले. घरी येऊन नवराबायको फोनसमोर बसली. विमान केव्हाच उतरलं असणार. फोन नाही.

"रागावलेत हो," नीला म्हणाली. "करणार नाहीत."

तेवढ्यात बेल वाजली. श्रीरंगने झडप घातली. ऑपरेटर होती.

"कलेक्ट कॉल फॉर मिस्टर राजाराम घाटे."

सुमेधाला तर सगळं कळवलं होतं, नाव बदललं होतं. श्रीरंग चक्रावला. "फ्रॉम इटली?"

"फ्रॉम न्यू जर्सी, सर." ऑपरेटर थांबली. तिचाही गोंधळ उडालेला दिसला. "फ्रॉम... मिस्टर राजाराम घाटे."

श्रीरंगने रिसीव्हरवर हात ठेवून नीलाला सांगितलं. नीलाने पदर तोंडाला लावला. आता फक्त नाही म्हणायचं होतं. वीस वर्षांत त्याला कधी चुकला नव्हता तो शब्द.

"येस," तो म्हणाला. "राजाराम स्पीकिंग."

पलीकडून नागपूर एक्स्चेंज हादरवणारा तो आवाज आला, "घेतला कशाला बे गाढवा? घरी नाही म्हणायचं असते ना! एवढंही समजत नाही का तुला?"

"काका, नीट पोचलात ना?"

"नीट पोचलो म्हणून तर राजारामला केला! नाहीतर प्रल्हादला नसता का केला?"