कुंदाताई देवस्थळी आणि लाल खोकड

कुंदाताई देवस्थळींच्या हॉलमध्ये लाल कोल्ह्याचे मोठमोठे, फ्रेम केलेले फोटो आहेत आणि त्यांतल्या एकातही कोल्हा धड दिसत नाही. बर्फ दिसतो. झाडं दिसतात. एका फोटोत विजेचा खांब फार सुरेख आला आहे. कोल्हा म्हणजे त्या पांढऱ्या पसाऱ्यात कुठेतरी एक तांबूस ठिपका, आणि तो पाहुण्याने शोधायचा असतो. सापडेपर्यंत चहा मिळत नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्याच भेटीत आत्मविश्वासाने एका ठिपक्यावर बोट ठेवलं, तर तो ठिपका उडून पंख्याकडे गेला. माझ्या मुलीने सगळ्या फ्रेम नाक लावून तपासल्या आणि अस्सल सिंगापुरी इंग्रजीत जाहीर केलं, "आंटी, धिस वन नो फॉक्स लाह."

बरं, कोल्हा म्हटलेलंही चालत नाही.

"कोल्हा म्हणजे जॅकल! हे खोकड आहे, लाल खोकड. आपल्याकडे गोष्टींच्या पुस्तकांत खुशाल खोकडाचं चित्र छापतात आणि खाली लिहितात कोल्हा. पिढ्याच्या पिढ्या अडाणी ठेवल्या. निषेध!"

निषेध हा कुंदाताईंचा श्वास आहे. लिफ्ट बंद पडली, निषेध. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत न विचारता कॉफीत कंडेन्स्ड मिल्क ओतलं, निषेध. मी चार दिवस पुण्याला आईला फोन केला नाही, तर माझाही निषेध, तोही माझ्याच घरात, माझेच पोहे खाता खाता.

सिंगापुरात बुकित बातोकला आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात. वय साठीला टेकलेलं. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहेत. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर लोकांना टाक्यांपासून, पाइपांपासून आणि एकमेकांपासून लांब उभं करायचं आणि संध्याकाळी घसा बसवून परत यायचं. आता अशा बाईने शनिवार-रविवारी तरी गप्प बसावं की नाही? एका रविवारी बुकित तिमाहच्या टेकडीवर एक म्हातारे चिनी अंकल माकडाला बिस्किट देताना त्यांना दिसले.

"अंकल! नो फीडिंग!"

"स्मॉल पीस ओन्ली, लाह," अंकल ओशाळून म्हणाले.

मग कुंदाताईंनी त्यांना जे ऐकवलं, ते ऐकून माकड आधी पळालं. अंकलना पळणं शक्य नव्हतं. उरलेली बिस्किटं त्यांनी घाबरून स्वतःच खाल्ली. मी तेवढ्या वेळात शेजारच्या झाडावरची माहितीची पाटी तोंडपाठ केली.

सिंगापुरात खोकड नाही. म्हणून दर हिवाळ्यात रजा काढून त्या जपानच्या उत्तरेला, होक्काइदोला जातात, बर्फात पालथ्या पडतात आणि लांबून खोकडाचा ठिपका टिपून आणतात. "अहो, मोठी लेन्स तरी घ्या," असं मी एकदा सुचवलं.

"लेन्स मोठी झाली की हावरटपणाही मोठा होतो," त्या म्हणाल्या.

मी नुकतीच मोठी लेन्स घेतली होती. राग येणार नाही तर काय होईल?

आणि मग ती संध्याकाळ. बुकित तिमाहच्या एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. समीर कीर्तने म्हणून एक उत्साही बँकवाले आहेत, त्यांच्या होक्काइदोच्या फोटोंचा. पडद्यावर खोकडाचा चेहरा आला आणि हॉलमध्ये "आहा!" उठलं. काय फोटो होता! पिवळे डोळे, मिशांवर बर्फाचे कण, तोंड किंचित उघडं, जणू आपल्याशी बोलायलाच आलंय. मी मनापासून टाळ्या वाजवत होते. शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी टाळ्या आवरल्या.

"काय खायला घातलंत त्याला?" कुंदाताईंनी उभं राहून विचारलं.

कीर्तने दिलखुलास हसले. "थोडं सॉसेज, ताई. त्याशिवाय पठ्ठ्या जवळ येतोय कुठला!"

"मग हा जंगलातला फोटो कसा? हा हॉटेलातला फोटो झाला. तुम्ही वेटर, ते गिऱ्हाईक."

लोक हसले. कीर्तनेही हसले, पण जरा कमी. "ताई, एका तुकड्याने काय होतं?"

"एका तुकड्याने ते शिकतं! माणूस म्हणजे खाणं, गाडी म्हणजे खाणं. मग ते रस्त्यावर येऊन बसतं. पुढची गाडी थांबली नाही की संपलं. तुमचा फोटो होतो, त्याचा जीव जातो. मी निषेध नोंदवते!"

हॉल गार झाला. कोणीतरी घाईघाईने बटाटेवडे आल्याची घोषणा केली. वड्यांच्या रांगेत मला हवं ते ऐकू आलं: हिला स्वतःला जमत नाही म्हणून जळते. सगळ्यात वाईट म्हणजे मलाही तसंच वाटत होतं. परतीच्या बसमध्ये मी तोंड फुगवून बसले. चांगल्या माणसाचा चांगला कार्यक्रम हिने नासवला होता आणि मला तिच्याबरोबर आलेली म्हणून सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर तिथलं बोलावणं त्यांना आलं नाही. मलाही नाही.

तरी फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर होक्काइदोला गेले. नवरा म्हणाला, "एवढी लेन्स घेतली आहेस, आणि त्या एकट्या जाणार. मी घर बघतो." त्याला काय जातंय म्हणायला!

त्या सहलीबद्दल माझ्या इतक्या तक्रारी आहेत की कुठून सुरुवात करू? भाड्याची गाडी कुंदाताई चालवायच्या, अख्ख्या जपानला आपल्या पुढे जाऊ देत. सकाळी बर्फाळ माळाच्या कडेला थांबायचं, झाडांच्या आडोशाने पालथं पडायचं, आणि बोलायचं नाही. हाताची बोटं माझीच आहेत की हॉटेलात राहिली, कळायचं नाही. मी जरा पुढे सरकले की माझ्या बुटाला धरून मागे ओढायच्या. "अश्विनी, तिकडे त्याचं घर आहे. आपण पाहुणे. उंबऱ्याशी थांब."

एकदा मात्र माळाच्या पार पलीकडे एक खोकड दिसलं. माझ्या लेन्समधून मी पाहत होते. ते चालता चालता थबकलं, मान वाकडी करून बर्फाखालचं काहीतरी ऐकू लागलं, आणि एकदम उंच उडी मारून त्याने डोकं खाली करून सूर मारला. अर्धं खोकड बर्फात, शेपूट वर. बाहेर आलं तेव्हा तोंडात उंदीर होता. मी कुंदाताईंकडे वळले. त्या कॅमेरा छातीशी धरून नुसत्या बघत होत्या.

"स्वतःचं स्वतः कमावलं बघ त्याने," त्या पुटपुटल्या.

परतायच्या दिवशी, डोंगरातल्या एका वळणावर गाड्या खोळंबल्या होत्या. रस्त्याच्या कडेला खोकड बसलं होतं. सर्कशीतल्यासारखं, अगदी शहाण्यासारखं. एका गाडीची काच खाली झाली, पाव बाहेर पडला, मोबाइल बाहेर आला, काच वर गेली. मागच्या गाडीचंही तेच. तिच्या मागच्या गाडीचंही तेच. आम्ही जरा पुढे, गाड्या थांबवायला केलेल्या मोकळ्या जागेत थांबलो. कुंदाताई उतरून हात हलवत त्या लोकांकडे धावल्या, "नो! नो फूड!" म्हणून ओरडल्या. लोकांनी हसून त्यांनाही हात हलवला आणि ते निघून गेले.

रस्ता रिकामा झाला. आणि ते खोकड आमच्याकडे यायला लागलं.

ते लंगडत होतं. मागचा एक पाय टेकतच नव्हतं. कधीतरी एखादी गाडी थांबली नसणार. हॉलमध्ये टाळ्या वाजवणारी मी तिथे उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण फोटोची सवय वाईट. ते कुंदाताईंच्या समोर, हात लांब केला तर डोक्यावर ठेवता येईल इतक्या जवळ येऊन बसलं आणि त्यांच्याकडे मान वर करून बघू लागलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "कुंदाताई, फोटो!"

इतकी वर्षं ठिपक्यांमागे धावणारी ही बाई. तिच्या पायाशी अख्खं खोकड. त्याच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या.

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. दीर्घ श्वास घेतला. आणि ओरडल्या.

"हड्! चल नीघ! हड्!"

खोकड दचकून मागे सरलं आणि थांबलं. त्याला वाटलं असणार, आता मिळेल काहीतरी. ते परत पुढे आलं.

"अरे, जा ना! जा म्हणते ना! नाही काही माझ्याकडे!" त्या पाय आपटत होत्या, टाळ्या पिटत होत्या, होता नव्हता तेवढा आवाज काढत होत्या. ते जरा मागे जायचं आणि परत यायचं. शेवटी त्यांनी वाकून बर्फ उचलला, गोळा वळला आणि नेम धरून मारला. तो त्याच्या खांद्यावर बसला. खोकड एकदा कळवळलं आणि लंगडत, पडत-उठत झाडांत पळालं. त्या त्याच्यामागे धावल्या, गुडघाभर बर्फात रुतल्या, तरी ओरडत राहिल्या. ते दिसेनासं झाल्यावरही बराच वेळ.

मी जाऊन त्यांना हात दिला. चष्म्यावर धुकं आलं होतं, आवाज पार गेला होता.

"घाबरलं ना गं ते?"

"खूप घाबरलं."

"नक्की? परत नाही ना येणार माणसाजवळ?"

"नाही येणार," मी म्हटलं. मला काय माहीत!

त्या गाडीकडे आल्या, पण आत बसेनात. दाराशी उभ्या राहून झाडांकडे बघत राहिल्या. मग हातमोजा काढून त्यांनी मूठभर बर्फ घेतला, मघासारखाच घट्ट वळला, आणि मला काही कळायच्या आत तो जोरात आपल्या गालावर मारून घेतला. गाल लालभडक झाला.

"लागतं गं," त्या म्हणाल्या.