दुसरी किल्ली

गफूरचाचा दर सोमवारी आपल्या ईमेलचा पासवर्ड बदलत. ईमेल मात्र त्यांना कुणाचाच येत नसे.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, म्हणजे आलं तर यायचं. चाचांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान समोरच. पार सूर्यमाळहून लोक गंजलेली कुलपं पिशवीत घालून त्यांच्याकडे येत. नाशिकला नांदायला जाताना मुलीनं त्यांना ईमेलचं खातं उघडून दिलं आणि पुढे ती सरळ फोनच करू लागली. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना एक नवं कुलूप मिळालं होतं.

"बेटी, आठ दिस झाले. कुलूप बदलायचं," म्हणत ते खुर्ची ओढून बसत. पान उघडेपर्यंत एक तर वीज जाई, नाहीतर माझा धीर सुटे. मग तीन चौकोन दिसत: जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, पुन्हा नवा पासवर्ड. पहिले दोन चाचा एका बोटानं सावकाश भरत. तिसऱ्यात हटकून वेगळंच काहीतरी लिहीत. लगेच लाल अक्षरं उमटत: दोन्ही जुळत नाहीत.

"चाचा, तोच पुन्हा लिहायचा."

"तोच कशाला? ही दुसऱ्या माणसाची किल्ली ना?"

"इथं दुसरी किल्ली नसते."

"मग बनवणाऱ्याला कुलपातलं काय कळत नाय."

एवढं होऊन पासवर्ड बदलला, की चाचा तो चिठ्ठीवर लिहून कुणाच्या तरी हातात देत. कधी चहावाल्याच्या, कधी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या. मोखाड्याच्या जीपवाल्यानं तर ती खिशातच ठेवून शर्ट धुवायला टाकला. चिठ्ठी हरवली की कुलूप बदलायचं, हा चाचांचा कायदा. म्हणजे पुन्हा सोमवार आणि पुन्हा मी. 'आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका' अशी मोठी पाटी मी भिंतीवर लावली. चाचांनी ती शांतपणे वाचली आणि खाली बसून चिठ्ठी लिहिली.

एका सोमवारी तीनदा लाईन तुटली आणि मी वैतागले. "चाचा, आत एक पत्र नाही. चोरीला काय जाणार आहे? कशाला हवी दुसरी किल्ली?"

चाचांनी हात मांडीवर घेतले.

"दुसरी किल्ली चोरासाठी नसती, बेटी. पयलीवाल्याला काय झालं, तर दार उघडाया असती. तुझ्या चाचीकडं असायची. ती गेल्यापास्नं घराची किल्ली कुणाकडं देऊ, तेच बघतो. आधी चिठ्ठी देतो. आठ दिस चिठ्ठी सांभाळील, त्याला किल्ली. कुणी सांभाळत नाय."

मला माझीच लाज वाटली. "तिसरा चौकोन मी भरते," एवढंच म्हणाले. त्यांनी हळू आवाजात अक्षरं सांगितली, मी तीच लिहिली. पानानं विनातक्रार मानलं. चिठ्ठी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

पुढच्या सोमवारी चाचा खुर्चीत बसलेच नाहीत. "हाय?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, परत दिली आणि सदऱ्याच्या खिशातून एक पितळी किल्ली काढून कीबोर्डवर ठेवली.

"आतून कडी लावत नाय मी," ते म्हणाले. "हिनं उघडंल."