बरणीला गुंडाळलेला मान

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत भिकूकाकाचा फोन आला आणि वैभवचा घास हातातच राहिला. ट्रंकेत पत्र नाही, काका म्हणाला.

पत्र म्हणजे खापरपणजोबांचं, दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीतून घरी धाडलेलं. शिमग्यात गावाची पालखी पहिल्यांदा आपल्याच दारात बसते, तो मान त्या पत्रात लिहिलाय, हे वैभव लहानपणापासून ऐकत आला होता. पत्र मोडी लिपीत होतं, त्यामुळे घरात ते कुणीच वाचलेलं नव्हतं, पण पूजा मात्र दर दसऱ्याला व्हायची. यंदा वरच्या वाडीनं मान आपला असल्याचं काढलं. काका गावकीत उठून बोलून बसला, की शुक्रवारी पत्रच आणून पुढ्यात ठेवतो. आज मंगळवार होता.

"आईला विचारलंस?"

"तिलाच देतो," काका म्हणाला. आवाज बरा नव्हता.

आई, म्हणजे पारू, अगदी हळू बोलली. "नसरुद्दीनकडं लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या नव्हत्या का मी? विमानात फुटू नयेत म्हणून गुंडाळल्या. वर्तमानपत्र एकाच बरणीला पुरलं रे. मग दुसरीला ट्रंकेतला तो पिवळा कागद लावला. जाड होता."

नसरुद्दीन खेडचा. सौदीत, अबकैकच्या कॅम्पात वैभवच्याच खोलीत राहायचा आणि कंपनीची पिकअप चालवायचा. दोघांनी खोली उलटीपालटी केली. कपाटामागं वर्तमानपत्रातली बरणी सापडली. दुसरी नाही.

"दुसरी तू कुमारसाहेबाला दिलीस," नसरुद्दीन म्हणाला. "शिमग्याची रजा पायजे म्हणून. मी बोल्लो होतो, आमच्यासाठी ठेव."

कुमारसाहेब त्याचा सुपरवायझर. दोन वर्षांनी गावी जायची रजा त्याच्या एका सहीवर होती. तो केबिनमध्ये गेला तेव्हा साहेब डब्यातला दहीभात संपवत होता.

"सर, वो अचार का..."

"अच्छा था. खलास हो गया."

"अचार नहीं सर. उसका कागज."

कुमारसाहेबानं चमचा खाली ठेवला. दिलेल्या वस्तूबद्दल माणूस पुन्हा चौकशीला आला, हे त्याला काही आवडलं नाही. मग त्याला आठवलं. कागद जुना दिसला, खाली सहीसारखं काहीतरी होतं. कुणी लग्नपत्रिका लावतं, कुणी डॉक्टरची चिठ्ठी, तसा वैभवनं रजेसाठी घरचा पुरावा दिलाय असं त्याला वाटलं. त्यानं तो अर्जाला स्टेपल करून सकाळीच हेड ऑफिसला पाठवला होता.

"टेन्शन मत लो," तो म्हणाला. "वहाँ स्कॅन करके ओरिजिनल फाड देते हैं. कुछ गुम नहीं होता."

नसरुद्दीननं पिकअप काढली. हेड ऑफिस दम्मामला. तासभराच्या वाटेत काकाचे चार फोन येऊन गेले आणि वैभवनं एकही उचलला नाही. पत्र गेलं तर गावात घराचं नाक गेलं, आणि ते कापून आपण लोणच्याबरोबर साहेबाला दिलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

काउंटरवर सहर नावाची मुलगी होती. तिनं फाइल काढली. पत्र होतं. एका कोपऱ्याला तेल लागलं होतं, मधोमध कंपनीचा निळा अरबी शिक्का बसला होता, पण शाबूत होतं. वैभवनं हात पुढं केला, तशी तिनं फाइल मिटली. कागद अर्जाला जोडलेला आहे, एकटा देता येत नाही. अर्ज मागं घेतला तरच मिळेल.

"अर्ज मागं म्हणजे रजा?" वैभवनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"खलास," सहर म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

वैभवला ढोल ऐकू आले, पालखी नाचवणाऱ्यांत स्वतःचा खांदा दिसला. मग त्यानं सही केली.

परत येताना रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवून त्यानं फोटो पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडं काका, आई आणि शेजारची ज्ञानदा बसली होती. ज्ञानदानं मोडीचा कोर्स केलेला. काकानं घसा साफ केला आणि तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"म्हैस व्याली का ते कळविणे," ज्ञानदा वाचू लागली. "मागील कोकम बुरशी येऊन पोचले, पुन्हा धाडू नये. थोरल्याच्या पायास तेल लावणे."

"मानाचं वाच," काका म्हणाला.

"पालखीचा मान यंदा आपण घेतला, तो वरचे वाडीस सुतक होते म्हणून. मान त्यांचा आहे. पुढील साली आठवणीने परत करणे. न केल्यास मला गावात तोंड दाखविता येणार नाही." ती थांबली. "खाली लिहिलंय, पत्र कुणाकडून तरी वाचून घेणे."

नसरुद्दीननं चहाचा कप तोंडाशी नेला तो तिथंच ठेवला.

"तेवढा लांबून बिचारा सांगतोय," आई म्हणाली, "तर परत करायला हवा होता."

"वहिनी, चहा टाका," काका म्हणाला. मग फोन तोंडाजवळ आणून हळूच बोलला, "वैभव, पत्र तिकडंच ऱ्हाऊ दे. शुक्रवारी मी सांगतो, पोरानं सौदीत हरवलं. पत्र नाय तर जुनी वहिवाट चालते, पालखी आपल्याच दारात. लोक तुला चार शिव्या देतील, देऊ दे. तू कुठं ऐकायला हायस हिकडं?"

ते खरं होतं. वैभवला दिवसभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. रजा गेली ते बरंच झालं. शिमगा होईल, लोक बोलून विसरतील.

कॅम्पात कुमारसाहेब गेटवरच उभा होता. वैभवनं अर्ज मागं घेतल्याचं त्याला हेड ऑफिसकडून कळलं होतं आणि त्याचं मन त्याला खात होतं. त्यानं स्वतःच नवा अर्ज भरला आणि वरच्या साहेबांना फोन लावून तो मंजूर करून घेतला होता. शिमग्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट.

"जाओ," तो वैभवच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "सब गाँववालों से मिलके आओ."